बुरुलाईची कानातली

तिलेकची आई, कालिपा आपा, सोन्याची कानातली रुमालात बांधून आल्या तेव्हा बुरुलाई चहा ओतत होती. रीत सगळ्यांना ठाऊक होती. मुलाची आई ती मुलीच्या कानात घालते, मुलगी मान खाली घालून गप्प बसते, सोयरीक ठरते. कोचकोर गावच्या डेअरीत दूध तपासणाऱ्या बुरुलाईलाही तेच सोयीचं वाटत होतं. तिला तिलेक हवा होता. फक्त तसं तोंडाने म्हणायला लागू नये.

उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर, त्याने तिच्या केसांपर्यंत हात नेला होता आणि मध्येच थांबून विचारलं होतं, "चालेल?" ती लाजून बुटांकडे बघत राहिली. त्याने हात मागे घेतला आणि घोड्यांविषयी बोलत राहिला. उतरणीवर ती त्याच्यावर चिडली होती. स्वतःवर जास्त.

कालिपा आपांनी रुमालाची गाठ सोडली, पण कानातली उचलली नाहीत.

"पोरी, तिलेकने बजावलंय. तू स्वतः हो म्हणालीस तरच घालायची. तू गप्प राहिलीस तर मी चहा पिऊन परत यायचं, म्हणाला."

"काय हे लाड," तिलेकची वहिनी गुलझात म्हणाली. "माझ्या वेळी तोंडातला घाससुद्धा गिळू दिला नाही तुम्ही."

बायका हसल्या. बुरुलाईची आई म्हणाली, "आपा, मान खाली आहे ना तिची? अजून काय हवं?"

"माझीही खालीच होती," कालिपा आपा म्हणाल्या. "मी रडत होते. कुणी वाकून बघितलं नाही."

हसणं थांबलं. बुरुलाईचे कान तापले. हातातली किटली खाली ठेवून तिने मान वर केली.

"हो," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "हो. मला तिलेक हवा आहे." आणि घाईघाईने, "पण भोकं बुजत आलीत. डेअरीत कानात काही घालू देत नाहीत. जरा हळू."

"आता कशी वाचा फुटली," गुलझात पुटपुटली, आणि बोटाला लोणी लावून आपांच्या मदतीला सरकली.

दोन्ही कानातली घालून झाल्यावर बुरुलाईने आपांचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

तिलेक फाटकाबाहेर गाडीत बसला होता. ती येताना दिसली तसा उतरला. तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. त्याने हात उचलला आणि मध्येच थांबला.

"चालेल," त्याने विचारायच्या आत बुरुलाई म्हणाली.

त्याची बोटं थंडगार होती. कानाला बरं वाटलं.