आरशावरची पांढरी रेघ

मी आरसा बोलतोय. तळहाताएवढा, गोल, मूठ असलेला. माझी मालकीण केस कापायचं काम करते. गिऱ्हाइकाला मान मागून कशी दिसते ते दाखवायला तिने मला घेतलं. तिच्या हातात होतो तोवर मी बहुतेक खूश झालेले चेहरेच पाहिले.

तिचा नवरा मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी. सगळ्या भटारखान्याचा भरवसा त्याच्या नाकावर. पलीकडच्या खोलीतून तो सांगायचा, "कांदा खाली लागतोय, आच कमी करा."

काम वाढलं, तसा तो थकू लागला. एका वाढप्याने पुडी दिली. "घे. थकवा कुठल्या कुठे पळेल."

त्या दिवसापासून मी न्हाणीघरात आडवा झालो. माझ्या काचेवर कोकेनची पांढरी रेघ, आणि तिच्यावर वाकलेला तो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, गळ्याची शीर थडथडणारी, दात करकर वाजणारे. जेमतेम अर्धा तास तो राजा असायचा. मग चेहरा असा पडायचा की लगेच दुसरी रेघ.

वर्षभरात नाकाचा घोळणा फुटू लागला. माझ्यावर रक्ताचे थेंब पडायचे, तो बाहीने पुसायचा. झोप उडाली. भटारखान्यातले लोक आपल्याविरुद्ध कट करतायत, असं त्याच्या मनाने घेतलं.

एका दुपारी मी ओट्यावर पडलो होतो. चहासाठी त्याने काडेपेटी हातात घेतली.

"बाबा, थांबा. गॅसचा वास येतोय," लेक दारातूनच म्हणाली.

"मला नाही येत. मला शिकवतेस?"

तिने त्याच्या हातातली पेटी हिसकावली, गॅसचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. घर गॅसने भरलं होतं आणि त्या नाकाला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी तपासलं. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं. "ही पावडर रक्तवाहिन्या आवळते," ते म्हणाले. "पडद्याला रक्त मिळालं नाही, तो झडला. मेंदूचंही नुकसान झालंय. उसन्या आनंदाचा इतका भडिमार झालाय की साधं सुख त्याला जाणवतच नाही. सोडलंत तर हळूहळू सुधारेल."

त्याने सोडलं. तीन आठवडे. लेक शाळेतलं बक्षीस घेऊन आली, त्याने नुसतं "हं" केलं. ती गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "तिला बघून मला काहीच होत नाही गं. आत सगळं बंद पडलंय."

"होईल. धीर धरा."

त्याला धीर धरवला नाही. चौथ्या आठवड्यात, पुन्हा माझ्यावर वाकलेला असताना, त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. वय अडतीस.

आता त्याचा उजवा हात लुळा आहे. बोलणं फक्त बायकोला कळतं. दुकानातून आली की ती त्याची दाढी करते आणि मला त्याच्यासमोर धरते. "बघा, किती छान दिसताय."

तिला वाटतं तो चेहरा बघतोय. मी समोर असतो, मला ठाऊक आहे. त्याची नजर माझ्या कडेकडेने फिरते. कुठे एखादा पांढरा कण चिकटून राहिलाय का, ते शोधते.

बाई, मला फोडून टाक. एवढंच मागणं आहे माझं, आणि तेही तुला ऐकू जात नाही.