जित्या माणसाचं द्वारदर्शन

प्रमिलाबाई सिस्टरनी धुळ्याच्या त्या दवाखान्यात नाही नाही ते पेशंट पाहिले होते, पण श्वास घ्यायलाच नकार देणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. सोनगीरकडचे यादव आबा. डाव्या फुफ्फुसावरच्या अस्तराला सूज आलेली, त्यामुळे श्वास खोल गेला की बरगडीत कळ उठायची. आबांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता, श्वास खोल न्यायचाच नाही. कढत चहा बशीतून चाखावा तशी ते हवा चाखत आणि सोडून देत.

सिस्टर गोळ्या देत, दुखऱ्या कुशीवर निजवत, बरगडीवर उशी गच्च धरून खोका म्हणत. असंच चाललं तर आत कफ साचेल, न्यूमोनिया होईल, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. आबा म्हणाले, "शिष्टर, वरवरना श्वासवर बी मानूस जगस." सिस्टरांचं डोकं फिरलं. खरं तर त्या घाबरल्या होत्या, कारण संध्याकाळचा ताप आता जरा जरा चढायला लागला होता.

त्यात गावाची भर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बठ्ठं, म्हणजे अख्खं गाव आबांना बघायला यायचं. आबा जन्माचे टवाळ, तेव्हा येणारा प्रत्येक जण एखादी गंमत घेऊनच यायचा. आबा हसायला जात, अर्ध्यात बरगडी धरून कळवळत, आणि मग दिवसभर आणखीच चोरून श्वास घेत. शेवटी सिस्टरनी व्हरांड्यात उभं राहून हुकूम सोडला की पेशंटला हसवायचं नाही, बाहेर गप्प बसायचं आणि तोंडं सरळ ठेवायची.

आता खानदेशातल्या माणसांना ओळीनं गप्प बसायची एकच रीत ठाऊक. कुणी गेलं की त्याच्या दारावर द्वारदर्शनाला बसतात, ती. पुरुष डोक्यावर रुमाल घेऊन, खाली मान घालून भिंतीला टेकले. बायका पदर ओढून दुसऱ्या बाजूला बसल्या. किती शहाणी माणसं, असं सिस्टरना वाटलं, आणि त्या बिनघोर आत गेल्या.

तेवढ्यात आबांचे व्याही लीलाधर, बायकोला घेऊन, यावलहून आले. खांद्यावर केळीचा घड. फाटकातून त्यांनी ती ओळ पाहिली आणि आबा गेले असंच धरलं. घड मुकाट्यानं निंबाच्या झाडामागे ठेवला. दारावर आलेला माणूस 'कोण गेलं' म्हणून विचारत नसतो. त्यांनी रुमाल डोक्यावर घेतला, ओळीत बसले, आणि रीतीप्रमाणे गेलेल्याबद्दल चांगलं बोलायला लागले.

चूक सगळ्यांच्या लक्षात आली. पण दारावर बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं कुणी? माणसं माना हलवत राहिली. विहीणबाई तर आबांच्या बायकोच्या, द्रौपदाबाईंच्या, गळ्यातच पडल्या. गळ्यात पडलं की रडायचं, म्हणून आताच नवऱ्याला पेज भरवून आलेल्या द्रौपदाबाईंनीही मोठ्यानं गळा काढला.

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या, तर खिडकीजवळच्या खाटेवर आबा कान देऊन ऐकत होते. बाहेर लीलाधर सांगत होते की आमच्या व्याह्यानं उभ्या जन्मात कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. लग्नाच्या पंगतीत, दोनशे पाहुण्यांदेखत, आबांनी त्यांना रेडा म्हटलं होतं.

आबांच्या पोटातून हसू उसळलं. सिस्टरनी झडप घालून उशी बरगडीवर दाबून धरली. आबा हसले, कळवळले, खोकले, पुन्हा हसले, आणि त्या हसण्यामागून हवा थेट तळापर्यंत गेली. तो श्वास सिस्टरनी ऐकला. त्यांचे डोळे भरून आले.

खिडकीतून आबा ओरडले, "व्याही, मी जित्ता शे!"

लीलाधर आधी पांढरे पडले, मग आनंदले, मग त्यांना भयंकर राग आला. एवढं चांगलं बोलून बसलो, ते आता परत कसं घ्यायचं? ते घड उचलून निघालेच होते, पण सिस्टरनी वाट अडवली. त्या हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, जाऊ नका. त्यांना बरं वाटेपर्यंत रोज येऊन बोला."

मग रोज दुपारी द्वारदर्शन भरू लागलं. लीलाधर नवी नवी थाप मारत, आत आबा उशी धरून हसत. ताप उतरणीला लागला. पण थापांनाही अंत असतो. एका दुपारी लीलाधरांनी थाप न मारता हळू आवाजात खरं ते सांगितलं. त्यांची पोर नवी सून म्हणून आबांच्या घरी गेली आणि टायफॉइडनं पडली, तेव्हा आबा नावाच्या या माणसानं तिचं ओकणं ओंजळीत झेललं होतं. यावलहून बाप पोचेपर्यंत तिच्या उशाशी बसून होता. बाप पोचला तर हा म्हणाला, रेड्या, केळी कुठेत?

"मी त्याला कधी काही बोललो नाही," लीलाधर म्हणाले. "राहूनच गेलं."

आत हसण्याचा आवाज आला नाही. सिस्टर उशी घेऊन वाकल्या, पण आबांनी ती बाजूला सारली आणि कुणी न सांगता एक लांब, खोल श्वास घेतला. कळ उठली असणार, कारण डोळ्यांतून पाणी आलं. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी उद्याचंही आवतण दिलं.

"व्याही," ते म्हणाले, "सकाय बी या. मी असाच मरेल पडी राहसू."