पेचकसाची मूठ

रहमतुल्लाचा कान धारूरपासून चौसाळ्यापर्यंत प्रसिद्ध होता. गाडी गॅरेजात आली की तो लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनला टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, ठिणगी लवकर पडतेय की उशिरा. त्याने मान हलवल्याशिवाय आदिनाथच्या वडिलांनी एकही जीप विकत घेतली नव्हती. गाडीच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस ताठ चालायचा.

दोन वर्षांपूर्वी तो कान गेला. दोन्ही गेले म्हणा. समोरच्याचे ओठ बघून रहमतुल्ला वेळ मारून न्यायचा, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. ठाऊक होतं ते फक्त घरच्यांना, म्हणजे मुलगा तौसीफलाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या दिवशी आदिनाथ आपली टर्बोची पेट्रोल गाडी घेऊन आला. आता तोच गावचा पुढारी होता, सोबत पप्पू ड्रायव्हर आणि चार रिकामटेकडे. घाट चढताना गाडी दम टाकते, अशी तक्रार. तौसीफने लॅपटॉप जोडला, फेरी मारून आला आणि म्हणाला, "दादा, जोर दिला की कॉम्प्युटर ठिणगी आठ डिग्री मागं ओढतंय."

पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. पण पेट्रोल भलत्याच वेळी आपोआप भडकलं तर पिस्टनवर हातोडा बसतो. इंजिनवरचा सेन्सर तो हातोडा ऐकतो, मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतं. गाडीचा जोर जातो, पण इंजिन वाचतं. आता हातोडा खरा आहे की सेन्सरला भास होतोय, हे शोधायचं, बाकी सगळी हमाली. तौसीफने ते शोधलंच नाही.

"सायलेन्सरचा पत्रा वाजतोय, सेन्सर फसतोय," तो म्हणाला. "त्याला गपच करतो. ठिणगी पुढं घेतो, मग बघा कशी उडती."

"चाचाला इचार की आधी," आदिनाथ म्हणाला. "आमच्या आबांनी शिकवलंय."

तौसीफला ते झोंबलं. सहा महिने पुण्यात शिकून आलेला पोरगा, आणि अजून चाचालाच विचारायचं! रहमतुल्ला बॉनेटमध्ये वाकलेला होता. त्याच्या मागे उभं राहून तौसीफ साध्या आवाजात म्हणाला, "अब्बा, तुमच्या पाठीवर इंचू हाय."

रहमतुल्ला हलला नाही.

"शर्टात चाललाय, अब्बा." तौसीफने दोन बोटांची नांगी करून बापाच्या पाठीवर हवेत चालवली. पप्पू गुडघ्यावर थापा मारत हसला. आदिनाथही हसला. "बहिरा हाय व्हय बे? आन आमी एवढी वर्सं मान डोलावतोय!"

"दोन वर्सं झाली. सांगायची लाज वाटती त्यांना."

हे सगळं रहमतुल्लाने इंजिनाखालचं बघायला हातात धरलेल्या छोट्या आरशात पाहिलं. ओठ पाहिले, नांगी पाहिली, पप्पूचे दात पाहिले. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? मागे न वळता त्याने हाताने खूण केली, रेस दे. तौसीफ हसतच आत बसला.

उघड्या बॉनेटच्या आड रहमतुल्लाने पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ दातात धरली. कान गेल्यापासून तो असंच करत होता, कुणी बघत नसलं की. हाडातून सगळं कळतं. रेस वाढली आणि जबड्यात टक्‌, टक्‌, टक्‌ बसलं. पत्र्याची थरथर वेगळी, हा हातोडा होता. गाडी बंद झाल्यावर त्याने टर्बोकडून येणारा हवेचा पाइप सैल करून आत बोट घातलं. बोट तेलाने माखून निघालं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तेल गाळत होता, ते हवेबरोबर आत जाऊन पेट्रोल नासवत होतं. कॉम्प्युटर करत होतं ते अगदी बरोबर करत होतं.

त्याने बोट पायजम्याला पुसलं आणि पाइप पुन्हा आवळला.

"काय म्हणतं इंजिन, चाचा?" आदिनाथने मुद्दाम तोंड वेडंवाकडं करत विचारलं.

रहमतुल्लाने मुलाकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"साफ हाय," तो म्हणाला. "पोरगा म्हणतो तसं करा."

तौसीफने सेन्सर गप केला, ठिणगी पुढे घेतली आणि आदिनाथच्या शेजारी ऐटीत बसून घाटाकडे गेला. घाट उतरून परत चढायचा, एवढीच चाचणी. बापाला त्याने काचेतून हात केला. रहमतुल्लानेही हात केला.

दोन तासांनी गाडी ट्रॅक्टरमागे दोराने बांधून आली. पिस्टनला भोक पडलं होतं. चहाच्या हॉटेलातली माणसं उठून गॅरेजसमोर जमली. आदिनाथने तौसीफला कॉलरला धरून रस्त्यावर आणलं.

"सेन्सरचा कान बंद करतो व्हय? धर तुझे कान. पन्नास उठाबशा काढ."

"दादा, लगीन झालंय माझं... लोक हायत."

"म्हणूनच."

तौसीफने कान धरले. पप्पू मोठ्याने आकडे मोजू लागला. बाराव्याला तौसीफ बापाकडे वळून ओरडला, "अब्बा, सांगा की! तुमीच म्हणला साफ हाय!"

"बहिऱ्याची साक्ष काढतो भडव्या?" आदिनाथ म्हणाला. लोक हसले.

रहमतुल्लाने कानामागे हात धरला. "काय म्हणतोस? ऐकू न्हाई येत, बाबा."

अडतिसाव्याला तौसीफ खाली बसला तो उठलाच नाही. आदिनाथने लाथा घालून उरलेल्या पूर्ण करायला लावल्या. रहमतुल्ला शेवटच्या आकड्यापर्यंत बघत राहिला. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची भीती वाटत होती.

गर्दी पांगल्यावर तौसीफ सरपटत गॅरेजात आला आणि आधाराला फळीवर हात टाकला. हातात पेचकस आला. लॅपटॉप आल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. लाकडी मुठीवर दातांचे व्रण होते, दोन वर्षांचे, आणि त्यांवर आजचे ताजे. त्याने मूठ आपल्या दातात धरून पाहिली. मग त्याने मान वर केली.

"तुमाला कळलं होतं," तो म्हणाला.

रहमतुल्लाने ओठ वाचले. या वेळी त्याने कानामागे हात नेला नाही.

"होय," तो म्हणाला.