आराम पडेल

इस्पितळात डॉक्टरीणबाई बाबांना तपासून गेल्या आणि दादानं त्यांचं इंग्रजी आईला मराठीत सांगितलं. "बाबांना आता कम्फर्टेबल ठेवणार आहेत. म्हणजे आराम पडेल."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं पलंगाखालून बाबांच्या चपला काढल्या आणि पदरानं पुसायला घेतल्या.

धाकटीनं दादाला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "आराम पडेल म्हणजे बरे होतील. असं कुठं म्हणाल्या त्या?"

"कम्फर्ट म्हणजे आरामच ना?"

"खुर्चीच्या जाहिरातीत. इथं नाही."

दादा खाली बघत राहिला. "मला कळत नाही का? पण आईला कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुला जमत नसेल तर मी सांगते. पण आज सांगायचं."

ती आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली. आपणच चुकत असू, एवढीशी आशा होती. त्यांनी शांतपणे समजावलं. दुखण्यावर आता इलाज उरला नव्हता, वेदना तेवढ्या कमी करता येणार होत्या.

धाकटी परत येऊन आईजवळ बसली. "आई, दादाचा शब्द चुकला. बाबा बरे व्हायचे नाहीत. त्यांना दुखू नये, एवढंच आता डॉक्टर बघणार आहेत."

आईनं चपला मांडीवर ठेवल्या. मग तिनं डोळे पुसले.

"दुखू नये म्हणून जे देतात, ते घरी देता येत नाही?"

येत होतं. नर्स रोज येऊन जाणार होती. दादा मात्र कचरला. "आई, तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"लोखंडी कपाट चढवलंत ना चौघांनी? हे त्याच्या निम्मेसुद्धा राहिले नाहीत."

दादाला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. संध्याकाळी बाबांना घरी आणल्यावर त्यानं शेजारच्या तिघांना हाक मारली. खुर्चीला पट्टे बांधून त्यांनी बाबांना वर नेलं. प्रत्येक वळणावर आई पुढं उभी राहून सांगत होती, "सावकाश, भिंतीला कोपर लागेल."

पलंगावर टेकल्यावर बाबांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या रे?"

धाकटी बोलणार होती, पण दादाच पुढं झाला. बाबांचा हात हातात घेऊन त्यानं सगळं सांगितलं, एकही शब्द न बदलता.

बाबांनी ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले, "मग ती खिडकी उघडा."