ओवाळणीचे स्पीकर

दोन हजार पाचच्या भाऊबीजेला माझ्या भावानं, कडूबानं, ताटात साडी ठेवली नाही. तो नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत कामाला होता. त्यानं एक भलंमोठं खोकं माझ्यापुढं आणून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे होम थेटर हाये. तुह्यासाठी. सिनेमा चारी बाजूंनी ऐकू येतो." दर भाऊबीजेला काय पाहिजे म्हणून तो विचारायचा आणि मी दरवेळी म्हणायचे, एकदा तरी आख्खा सिनेमा नीट ऐकायचाय बाबा. मी थट्टेत बोलत होते, पोरानं मनावर घेतलं.

आमच्या घरी, म्हणजे सासरी कुंभार पिंपळगावला, टीव्ही बैठकीत. बाजेवर माझे सासरे काकासाहेब, शेजारी आमचे हे, मग गल्लीतले दोन-चार बापे. आम्ही बाया मागं, माजघराच्या उंबऱ्याच्या आत. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, असा रिवाज. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, तर नवऱ्यासमोरसुद्धा बसत नसत. सिनेमातलं बोलणं आमच्यापर्यंत यायचं ते अर्धं, कारण ऐन वेळेला बैठकीत कुणीतरी कापसाचा विषय काढायचा. नंतर ह्यांना गोष्ट विचारली की हे म्हणायचे, "काय न्हाई, हाणामारी होती." माझं डोकंच फिरायचं.

खोकं मी जीपमध्ये पायाशी धरून गावात आणलं. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला रानात गेले आणि परत येते तर खोकं फोडलेलं! बैठकीत टीव्हीखाली पाच छोटे स्पीकर पंगतीला बसवल्यासारखे एका ओळीत, सगळ्यांची तोंडं बाजेकडं. आणि मोठा डबा, तो वूफर, थेट बाहेर ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून. बाजाराला आलेल्या माणसांना कळायला नको का, काकासाहेबांकडं काय आलंय ते? घरातली ताटं-वाट्या थरथरत होत्या आणि शब्द एक कळत नव्हता. सासरे मात्र खूश. "सूनबाईच्या माहेराहून आलं," असं ते येईल त्याला सांगत होते. सूनबाईसाठी आलं, असं काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "जाऊ दे गं. बापे मान्सं हायेत." ह्या बोलण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी डोक्यावरचं कापसाचं गाठोडं खाली टाकलं आणि चौकात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या लतीफला बोलावणं धाडलं.

लतीफ आला, ओट्यावरचा वूफर पाहिला आणि हसायलाच लागला. "हे काय, वरात काढून राह्यले का? असं न्हाई जमत, वहिनी. तीन पुढं लागतेत, दोन मागं. ऐकणारा बराबर मधी बसला पाह्यजे, तवा त्याला सगळं ऐकू येतं. पहिले हे सांगा, बसणार कुठं? मंग मी लावतो."

"हितं," बाजेवर थाप मारून सासरे म्हणाले. "आणखी कुठं?"

तोवर मी सासऱ्यांशी कधी सरळ बोलले नव्हते. काही सांगायचं तर ह्यांच्या आडून. त्या दिवशी पदर डोक्यावर ओढला आणि सरळ बोलले.

"मामा, ही माझी ओवाळणी हाये. ओवाळणीची साडी आली तर तुम्ही नेसता का? लतीफभाऊ, माजघरात लावा. मी तिथं बसणार हाये."

हे चपला शोधायला लागले. घरात भांडण दिसलं की ह्यांना हमखास कुठंतरी काम निघतं. मी म्हटलं, "जाऊ नका, वायरी धरायच्यात." आणि काय नवल, त्यांनी मुकाट्यानं वायरी धरल्या!

लतीफनं तीन स्पीकर भांड्यांच्या फळीवर मांडले, दोन धान्याच्या कोठ्यांवर चढवले, वूफर कोपऱ्यात सारला. मधोमध फरशीवर बोट टेकवून म्हणाला, "ही जागा. हितं बसायचं." मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता टीव्ही तेवढा आत आणायचा म्हणून मी बैठकीत गेले, तर सासऱ्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

"डबे तुझे ना? घे. टीव्ही मह्या पैशाचा हाये, तो हितून हालणार न्हाई. भिंतीकडं बघत ऐक काय ऐकायचं ते."

बापे खदखदून हसले. हेही हसले, वायर हातात घेऊन! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते ह्या लोकांना दिसतंय, ह्याचा आणखी संताप आला. लतीफ हळूच म्हणाला, "टीव्हीबिगर आवाज येतो, वहिनी. खोक्यातल्या प्लेअरवर सीडी चालती, संग सिनेमाची एक आलीबी हाये. पण नुसता आवाज..." मलाही वाटलं, नुसता आवाज घेऊन करायचं काय? हरलेच मी. उद्या हे सगळं पुन्हा बैठकीत जाणार आणि आपण पुन्हा उंबऱ्याच्या आत.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. कणकेचे हात तसेच. उंबरा ओलांडून थेट बाजेपुढं येऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून भरल्या बैठकीत त्या कधी आल्या असतील, असं मला वाटत नाही. सासरे बाजेवर ताठ झाले.

"ऱ्हाऊ द्या तुमचा टीव्ही तुमच्याजवळ," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण ओट्यावर ऐकू गेला असेल. "आम्हाला त्याच्यात काय दिसलं आजवर? तुमच्या पाठी दिसल्या. टोप्या दिसल्या. मह्या डोळ्यानं मी एक सिनेमा धड पाह्यला न्हाई. टीव्ही नसला म्हनून आमचं काय जातंय?"

ह्यांच्या हातातली वायर खाली पडली.

"झुंबर, आत जा," सासरे म्हणाले.

"आतच चालले."

त्या माजघरात आल्या, हात धुतले, पदराला पुसले. "बेबीनंदा, मधली जागा कोन्ती म्हन्ला गं लतीफ?"

मी दाखवली. त्यांनी तिथं सतरंजी अंथरली आणि बैठकीकडं पाठ करून, पाय लांब पसरून, ऐसपैस बसल्या. शेजारची जागा हातानं थोपटली आणि मला खाली ओढलं.

"लाव म्हनावं ती सीडी आता," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."