पडलेल्या सिनेमातली नौका

मी एक अंतराळनौका बोलतेय. लांबी अडीच हात. खरं आभाळ मी कधी पाहिलं नाही. माझा सगळा प्रवास स्टुडिओतल्या काळ्या पडद्यासमोर, तारेला लटकून झाला.

मला घडवलं ते बारीकबाईंनी. हे नाव कामामुळे पडलेलं. अंगाने त्या चांगल्या भरदार. या चित्रमालिकेच्या पहिल्या भागातली नौका त्यांच्या वडिलांनी केली होती आणि तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला होता. मी पाचव्या भागातली. प्लायवूडचा सांगाडा, मोडक्या रेडिओंचे सुटे भाग आणि तीनशे खिडक्या, एकेक हाताने कोरलेली.

"पडद्यावर कुणाला दिसणार आहेत या?" कॅमेरामनने विचारलं.

"मला दिसतील," बाई म्हणाल्या.

सिनेमा आला आणि सपशेल आपटला. खोटं कशाला बोलू, गोष्टीला शेंडा ना बुडखा. खलनायक मरता मरता इतकं बोलला की लोक हसायला लागले. एका वर्तमानपत्राने तर नौकेवरही लिहिलं, 'वडिलांनी कमावलं ते मुलीने घालवलं.' बाईंनी ते दोनदा वाचलं, माझ्यावर चादर टाकली आणि बिल्डरांसाठी इमारतींच्या प्रतिकृती करायला लागल्या. "इमारतींना निदान उडावं लागत नाही," म्हणायच्या.

नऊ वर्षं मी चादरीखाली होते. तोवर वडिलांची नजर पार गेली होती. एका दुपारी ते भिंत चाचपत कारखान्यात आले.

"तुझी ती नौका कुठंय?"

"कशाला बाबा? हसं झालं तिचं."

"सिनेमाचं झालं. मी नौकेचं विचारतोय."

बाईंनी चादर काढली. म्हाताऱ्याची बोटं माझ्यावरून फिरली, सावकाश, टोकापासून शेपटापर्यंत. पोटाखाली थांबली. परत फिरली.

"इथला सांधा लागत नाही गं हाताला."

"सांधा नाहीच. एकाच तुकड्यात वाकवलंय. चार वेळा तडकलं, मग जमलं."

त्यांनी तळवा तिथेच टेकवला. "मला नाही जमलं कधी. मी रंगाखाली लपवला होता."

बाई त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो सिनेमा लावला आणि बाबांना एकेक दृश्य सांगत गेल्या. मी ग्रहाच्या कड्यांमधून जाते ते दृश्य आलं. चार मिनिटं, एकही संवाद नाही.

"इथे कुणी बोलत कसं नाही?"

"लिहायचं राहून गेलं असेल."

"देव पावला," म्हातारा म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी इमारतींचं काम सोडलं. बाबा आता नाहीत. मी एका चित्रपटशाळेत काचेच्या कपाटात असते आणि शेजारच्याच खोलीत बाई प्रतिकृती करायला शिकवतात.

त्या सिनेमाला खुशाल नावं ठेवा, मीही ठेवते. पण माझी चार मिनिटं येतील तेव्हा उठून जाऊ नका. दिग्दर्शकापासून दिवे धरणाऱ्यापर्यंत साऱ्यांनी तेवढ्यासाठी सात महिने घाम गाळला होता, आणि त्यातल्या एकानेही 'चालतंय की' म्हटलं नव्हतं.