निराधार वृद्धेची कौदी

मामंजी हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. ते गेले आणि माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, भिंतीला टेकून बसल्या त्या जवळजवळ वर्षभर तशाच. विचारलं तर नुसतं ‘हूं’ म्हणायच्या. जेवण चिमणीएवढं. वैद्यांनी काढे दिले, ह्यांनी पोथ्या आणून दिल्या. आल्यागेल्या बायका सांगायच्या, जप करा, वेळ जाईल. जणू सहासष्टाव्या वर्षी बाईला वेळ घालवण्यापलीकडे कामच उरत नाही!

भवानी पेठेत आमच्या शेजारी बसव्वा राहायची. मूळची वळसंगची, सासूबाईंच्याच वयाची. दुपारी ती ओट्यावर कौदी शिवत बसायची. आपण जिला वाकळ म्हणतो तीच ही कौदी, जुन्या कापडाच्या थरांवर रंगीत तुकडे लावून केलेली. एक दिवस तिच्या सुईत काही केल्या दोरा जाईना. तिनं सुई सरळ आमच्या दाराकडे धरली.

“गोदाक्का, तुमचं डोळं चांगलं हाय. येवढा दोरा ओवून द्या की.”

सासूबाई उठल्या, दोरा ओवला, परत भिंतीशी आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पाहते तर कौदीचं एक टोक त्यांच्या मांडीवर होतं आणि बसव्वा म्हणत होती, “आवं, टाका बारीक घ्या. पोतं शिवताय व्हय?”

त्या हसल्या. वर्षभरानं हसल्या.

अंगावर आलवण, कपाळ मोकळं, स्वतःसाठी सगळे रंग बंद झालेले. पण मांडीवर खणाचे तुकडे असायचे, पोपटी, जांभळे, लालभडक. बसव्वाचा पुतण्या शिंपी होता, त्याच्याकडून ती कपटे आणायची. ह्यांच्या आत्याबाई एकदा आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या, “वहिनी, या वयात, या वेषात रंगांचा सोस कशाला?”

“सोस आहे म्हणून,” सासूबाई म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

संध्याकाळी स्वयंपाकाआधी त्या पुन्हा अंघोळ करायच्या, म्हणजे सोवळ्यावरून बोट दाखवायला कुणाला जागा नको. हळूहळू दोन भाकऱ्या खायला लागल्या. झोप लागायला लागली. मग माझ्याशी भांडायला लागल्या, तेव्हा मात्र मला खात्रीच पटली की आता भीती नाही.

ती पहिली कौदी दोघींनी सात महिन्यांत पुरी केली. मधोमध मोठं चौकोनी अंगण, भोवती त्रिकोणांच्या रांगा. चौतीस सालच्या दिवाळीनंतर इथल्या एका महिला मंडळानं शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चिटणीस पद्मजाबाई घरोघर फिरत होत्या. मी हौसेनं कौदी देऊ केली. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, “दे. पण दोघींची नावं लाव.” पद्मजाबाईंनी एक छापील कागद दिला. नावं लिहिली, वयं लिहिली. ‘उदरनिर्वाहाचं साधन’ अशा रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून मी तिथं आडवी रेघ ओढली. ती रेघ मला अजून टोचते.

प्रदर्शनाच्या दिवशी सासूबाई, बसव्वा आणि मी, तिघी गेलो. हेही मास्तर, आपली शाळा सुटल्यावर आले. मधल्या टेबलांवर तरुण मुलींचं भरतकाम, मण्यांची तोरणं. प्रत्येकीचं नाव सुरेख अक्षरात. आमची कौदी दिसेना. शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यात, घडी घालून ठेवलेली सापडली. वर पाटी होती. सासूबाईंना मामंजींनी वाचायला शिकवलं होतं. त्या एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागल्या.

“नि-रा-धा-र वृद्धांनी केलेले काम. विकत घेऊन पुण्य जोडा.”

“काय म्हंतीय पाटी?” बसव्वानं विचारलं.

“म्हणतेय, आपण भिकारणी आहोत.”

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. “आई, चल घरी. माझे विद्यार्थी आहेत इथे. लोक म्हणतील, मास्तर आईला सांभाळत नाही.”

“तुझी अब्रू तू बघ, कमलाकर. माझा राग मी बघते.”

तेवढ्यात पद्मजाबाई लगबगीनं आल्या. त्यांना वाटलं, आनंदाची बातमी द्यावी. “आजी, तुमची कौदी गेली बरं का! गिरणीतल्या एका साहेबांच्या मडमेनं घेतली. पाटी वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“विकायला कुणी सांगितली होती?”

“अहो, तुमच्यासारख्यांना तेवढाच आधार...”

“माझ्यासारख्या म्हणजे कोण?” सासूबाईंचा आवाज चढला. आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. “त्या मुलीनं मोर भरला तर ती कला, आणि मी त्रिकोण जोडले तर मला पोटाला मिळत नाही म्हणून? सात महिने आम्ही दोघी हिच्या ओट्यावर बसलो. हा जांभळा तुकडा पिवळ्याशेजारी लावला, उसवला, पुन्हा लावला. का? आम्हाला बरं वाटत होतं म्हणून! म्हाताऱ्या बाईला काही बरं वाटू शकतं, हे तुमच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं?”

पद्मजाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “बाजूला या ना आजी, मी माफी मागते.”

“बाजूला नको. पाटी जिथं आहे तिथंच मागा.”

बसव्वानं तोवर कौदी उचलून खांद्यावर टाकली होती. “मडमेला सांगा, न्हाय मिळणार म्हनून.”

शेवटी पद्मजाबाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मनातून नव्हे, गर्दी जमली म्हणून, पण मागितली. सासूबाईंनी ह्यांना जवळ बोलावलं, पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सांगितलं. ह्यांनी एकदा आईकडे पाहिलं, खिशातली पेन्सिल काढली आणि फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘गोदावरीबाई आणि बसव्वा यांनी हौसेनं शिवली. विकायची नाही.’ कौदी दोन खिळ्यांना पूर्ण उलगडून टांगली आणि मगच आम्ही निघालो. वाटेत हे म्हणाले, “आई, मी आधी माझाच विचार केला.” त्या म्हणाल्या, “कळलं ना? झालं तर मग.”

पुढच्या वर्षी मंडळाचं हस्तपत्रक आलं. या खेपेला नवा विभाग होता: ‘हौशी भगिनी, वय सोळा ते चाळीस.’ मी ते लपवणार होते, पण सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांनी मला पोस्टकार्ड आणायला लावलं आणि एकच ओळ सांगितली: ‘चाळीसनंतर हौस कुठे ठेवावी, ते कृपया कळवावे.’ खाली सही स्वतः केली. बसव्वाचा अंगठाही घेतला.

उत्तर आलं नाही. मला अजून चीड येते, पण त्या दोघींना वाट पाहायला सवड नव्हती. चौथी कौदी सुरू होती आणि पोपटी तुकडा कडेला लावायचा की मध्ये, यावरून एके दुपारी ओट्यावर त्यांचं इतकं कडाक्याचं भांडण जुंपलं की दोघींनाही चहा माझ्याकडूनच वेगवेगळा हवा होता.